सोजराबाईचे झुपके

धाडच्या बाजारात मासळीची रांग एकदम टोकाला, बकऱ्यांच्या बाजाराच्याही पलीकडे बसते. तिथल्या लिंबाखाली सोजराबाईची जागा ठरलेली आहे. खाली गोणपाट, त्यावर विळी, डाव्या हाताला पाण्याची बादली आणि उजव्या हाताला राखेचं टोपलं. दुसऱ्या बायकांना निसटता मासा नीट धरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सोजराबाई खवले उतरवून, पोट फाडून, तुकडे करून मोकळी झालेली असते. तोंड सुरूच असतं. गिऱ्हाईक तिच्याकडे माशासाठी येतं की तिच्या बोलण्यासाठी, हे शेजारच्या मासळीवाल्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या डिसेंबरातल्या एका बाजारी तिच्यासमोर गीताबाई बसल्या होत्या. गीताबाई धाडच्याच, चांगल्या वीस एकराच्या घरातल्या, आणि मासा डोळ्यांसमोर कापून घेतल्याशिवाय घरी न नेणाऱ्या. सोजराबाईनं दीड किलोच्या सिप्रनसाचं पोट फाडलं. सिप्रनस म्हणजे तळाच्या चिखलात तोंड खुपसून खाणारा, जाड ओठांचा मासा. सावळखेडच्या तलावात तोच जास्त. आतड्यासोबत हिरव्या काड्यांचा लहानसा गुंता बाहेर आला.

"कावं सोजरे," गीताबाई म्हणाल्या, "तुया मासा उपासतापास करते काय? पोटातून पालाच निघून राह्यला."

"हाव ना. एकादशी धरली व्हती त्यानं. बारशीले सोडनार, तवर तुमच्या हाती लागला."

आजूबाजूच्या बायका हसल्या. सोजराबाईही हसली. पण हसता हसता तिनं त्यातली एक काडी बोटांच्या चिमटीत धरली आणि दुमडली. गवत दुमडलं की मोडतं. ही काडी मोडली नाही, सोडल्यावर हळूच सरळ झाली. सोजराबाईनं ती राखेत पुसली, राख मुठीत घेतली आणि मूठ बादलीमागं झटकली. गीताबाईंच्या पिशवीत तुकडे टाकताना तिनं नेहमीपेक्षा एक तुकडा जास्त टाकला. का टाकला, हे तेव्हा तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तो हिरवा रंग ती ओळखत होती. अकरा वर्षं त्या रंगाखाली तिनं दिवस काढले होते.

सावळखेडच्या तलावावर भोयांची पंधरा घरं जगतात. इंद्रभानशी लग्न होऊन सोजरा इथं आली तेव्हा तलावातली मासळी वर्षभर पुरत नसे. म्हणून बायका शेडनेटवर कामाला जात. देऊळगाव राजाकडं, सिंदखेडराजाकडं, आणि आता या बाजूलाही शेतात हिरव्या जाळीचे मांडव उभे असतात. त्याखाली टोमॅटो, मिरची, काकडीचं बियाणं तयार होतं. काम नाजूक. मादी झाडाच्या न उमललेल्या कळीतून चिमट्यानं पुंकेसर काढून टाकायचे, मग तिला नर झाडाचा पराग लावायचा आणि ओळखीसाठी देठाला लोकरीचा बारीक धागा बांधायचा. धागा बांधायचा राहिला तर ते फळ वाया. दिवसाकाठी शेकडो फुलं. सोजराबाईची जोडी तानाबाईशी असे. तानाबाई गावातल्याच बौद्धवाड्यातली, कामाला तेवढीच चपळ. दोघींमध्ये पैज लागायची, कोणाच्या ओळीत बिनधाग्याचं फूल सापडतं त्याची. सोजरा कधी हरली नाही. पानांच्या गर्दीत दोन पेरं लांबीचा धागा तिला दहा पावलांवरून दिसायचा. मालकानं दिलेला पितळी चिमटा काम सुटल्यावरही तिनं पदराच्या गाठीसारखा जपून ठेवला. काटा काढायला, वातीचं तोंड सारखं करायला अजून वापरते.

ती जाळी उन्हानं चार-पाच वर्षांत कुजकी होते. मग मालक नवी चढवतो आणि जुनी बांधावर टाकून देतो. सोजराबाई अशीच एक गुंडाळी डोक्यावर घेऊन घरी आली होती, न्हाणीला आडोसा करायला. उरलेला तुकडा वाऱ्यानं तलावात गेला आणि काठच्या बाभळीच्या फांदीत अडकून पाण्यात लोंबत राहिला. तो माघ महिना होता. सकाळी भांडी घासायला गेली तर जाळीच्या फाटक्या कडेला खसखस चिकटल्यासारखं काही तरी दिसलं. बोट लावून पाहिलं. सिप्रनसाची अंडी.

सिप्रनसाची अंडी चिकट असतात. मासोळी त्यांना पाण्यातल्या शेवाळाला, पाणगवताला चिकटवते आणि निघून जाते. भोई लोक पूर्वीपासून पाणगवताचे झुपके बांधून उथळ पाण्यात सोडत. अंडी पडली की तो झुपका हाप्यात ठेवत. हापा म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाचा चौकोनी पाळणा, चार काठ्यांना बांधून पाण्यात टांगलेला. त्यात पिल्लं निघतात, मोठी होतात आणि मग तलावात सोडली जातात. पण पाणगवत सडायचं, म्हशी ओढून खायच्या, अंड्यांना बुरशी लागायची. बाहेरून पिशव्यांमधून आणलेलं मत्स्यबीज निम्मं वाटेतच मरायचं.

सोजराबाईनं जाळीच्या वीतभर लांब झिरमिळ्या केल्या, सुतळीनं आवळून झुपका बांधला आणि पाण्यात सोडला. दुसऱ्या दिवशी झुपका अंड्यांनी पिवळा झाला होता. सडणं नाही, म्हशी नाहीत, बुरशी नाही. त्या वर्षी सावळखेडला बाहेरचं बीज आणावं लागलं नाही. पुढच्या वर्षी तर शेजारच्या तलावाला द्यायला उरलं. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष नारायणराव मिशीवरून हात फिरवत चारचौघांत म्हणाले, "आमी जनमभर जाळं टाकत आलो, पन जाळ्यातून मासा जल्माले घालनारी ही एकच." तेव्हापासून त्या झुपक्यांना गावात सोजराचे झुपकेच म्हणतात. इंद्रभानला कोणी विचारलं, 'तू कोन?' तर तो म्हणायचा, "मी झुपकेवालीचा नवरा." हे म्हणताना त्याला आनंद व्हायचा, हे सोजराबाईला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र जुनीच राहिली. तलावाच्या सांडव्याजवळ शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरांचे. पाण्यावरच्या बाया त्या. पाण्यातलं जे जन्मतं ते त्यांच्या ओटीतलं. ज्या झुपक्यातून पिल्लं निघाली, तो झुपका घरी आणायचा नाही, फेकायचाही नाही. दगड बांधून आसरांसमोरच्या पाण्यात सोडायचा. ओटीत घातलेलं परत घ्यायचं नाही. पाणगवताचा झुपका होता तोवर महिन्याभरात त्याचा चिखल व्हायचा. जाळीचा झुपका आला तरी रीत तीच राहिली. नऊ वर्षांचे झुपके तिथंच गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडे पडत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन महिने वाळत, आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जात. येणारे-जाणारे त्यांना बघून हात जोडत. हात कोणी लावला नाही.

त्या बाजारानंतर सोजराबाईनं घरी एक पांढरी बशी वेगळी काढली. रोज कापलेल्या माशांची आतडी ती न्हाणीमागं बसून चिरायची, पाण्यात खळबळायची आणि चिमट्यानं जे हिरवं सापडेल ते बशीत ठेवायची. इंद्रभाननं विचारलं तर म्हणाली, "मांजरीसाठी." आठवड्याभरात बशीचा तळ झाकला. काही काड्या, काही नखाच्या कोरीएवढे चुरे, काही इतके बारीक की बोटानं पुसल्यावरच कळावं, इथं काही होतं. तिचे डोळे नसते तर ते दिसलेही नसते.

घरात तेव्हा लेक आली होती. राखीचं पहिलं बाळंतपण, सातवा महिना. तिला जेवण जात नव्हतं. जायची ती एकच गोष्ट, आईच्या हातची बारीक मासळी. बोटाएवढी मासळी, पोटासकट कुरकुरीत तळलेली, वर लाल तिखट. सोजराबाईनं एका दुपारी तसलीच मूठभर मासळी निवडायला घेतली आणि सहज एकीचं पोट नखानं उकललं. मग दुसरीचं. मग तवा उतरवून ठेवला.

"काय झालं वं आई?" राखीनं विचारलं.

"आज बेसन खाय."

"बेसनानं मले मळमळते."

"मंग वरन खाय. मासळी उतरली हाये."

"सकाळची त हाये! अशी कशी उतरली?"

"उतरली म्हनलं ना एकडाव!"

राखी आईकडं पाहत राहिली. आई तिच्यावर कधी ओरडत नसे.

तानाबाईची मुलगी धम्मशीला बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. शनिवार-रविवार गावी येते. सोजराबाईनं बशी पदराखाली झाकून तिच्या घरी नेली. धम्मशीलानं ती खिडकीशी नेऊन पाहिली, मोबाईलला चिकटवायचं छोटं भिंग लावून फोटो काढले, आणि मग म्हणाली, "मावशी, आतडी न चिरता दे मले. बाटलीत. दहा माशांची, अन् बारीक मासळी अख्खी."

"कायले?"

"एका औषधात ठेवलं की मांस सारं इरघळते. जे इरघळत नाही ते खाली राहते."

दोन आठवड्यांनी धम्मशीला आली ती गोल कागदांची चळत घेऊन. गाळून घेतलेले कागद, बांगडीएवढे. त्यांच्यावर हिरवे ठिपके, धाग्यांचे तुकडे. मधूनच एखादा निळा, पांढरा, काळा. तानाबाईनं चहा ठेवला आणि चुलीशीच बसून राहिली.

"हे सारं माह्या जाळीचं?" सोजराबाईनं विचारलं.

"सारं नाही. हे निळं गोणीचं असन. काळं शेतात वाफ्यावर अंथरतात त्या मल्चिंगचं. गावातल्या प्लास्टिकच्या पन्न्याही हायेत. पन जास्त हिरवंच हाये मावशी. अन् हे त भिंगाखाली दिसलं ते. त्याच्याहून बारीक किती असन, ते मायाजवळच्या यंत्रात दिसतच नाही."

"मानसाले काय होते यानं?"

"खरं सांगू? अजून नक्की कोनालेच मालूम नाही. शोधून राह्यले लोक."

"मालूम नाही म्हनजे होत नाही, असं?"

"मालूम नाही म्हनजे मालूम नाही. मोठ्या माशाचं आतडं आपन फेकतो, मांसात कमी असते. बारीक मासळी मात्र पोटासकट खातो. अन् गावची पानीपुरवठ्याची विहीर तलावाच्या पायथ्यालेच हाये."

"राखीनं खाल्ली पंधरा दिस. मीच तळून घातली."

तानाबाई चुलीपासून उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. "तू काय जानूनबुजून केलं काय वं? आपन दोघीनं त ती जाळी डोक्यावर वाह्यली. माह्या घराच्या आडोशाले अजून तीच हाये."

सोजराबाईनं कागद हातात धरला होता. बाकीच्यांना त्यावर नुसते ठिपके दिसत होते. तिला त्यात उन्हात पांढरट पडलेला धागा दिसत होता, पाण्यात राहून मऊ झालेला दिसत होता, गेल्या वर्षीचा आणि पाच वर्षांपूर्वीचाही ओळखू येत होता.

अडचण अशी होती की जानेवारीच्या शेवटी सावळखेडला मोठा कार्यक्रम ठरला होता. जिल्ह्यातल्या अकरा मच्छीमार संस्थांची माणसं सोजराचे झुपके शिकायला येणार होती. लोणारकडची, मेहकरकडची, थेट जळगाव जामोदहून सातपुड्याच्या पायथ्याची. नारायणरावांनी मांडव सांगितला होता. शिकवणारी बाई म्हणून सोजराबाईचा सत्कार होता. जुन्या जाळीच्या गुंडाळ्या सगळ्यांना फुकट वाटण्यासाठी ट्रॅक्टर भरून आणून ठेवल्या होत्या.

सोजराबाई कागद घेऊन नारायणरावांच्या ओट्यावर गेली. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"हे का शेवाळ हाये?"

"जाळी हाये, दादा. माशाच्या पोटातली."

"पोटात त काय काय राह्यते! मागं एका मरळाच्या पोटात चावी सापडली व्हती."

"दादा, झुपके बंद करा लागतीन. अन् जुने काढा लागतीन."

नारायणराव हसायचे थांबले. "सोजरे, तुले समजून राह्यलं काय तू काय बोलते? अकरा संस्था येऊन राह्यल्या. त्याइच्यासमोर तू म्हनशीन, आमच्या माशात पन्नी हाये? धाडच्या बाजारात उद्या तुया हातचा मासा कोन घेईन? पंधरा घरं हायेत या पान्यावर. अन् मल्चिंगवाल्याइले कोनी इचारलं? गावच्या पन्न्या कोनी काढल्या? सारं पाप भोयाइच्याच डोक्यावर काऊन घ्याचं?"

सोजराबाईनं कागद उचलून पदराखाली घेतला. नारायणराव खोटं बोलत नव्हते.

घरी इंद्रभाननं ऐकून घेतलं. तो मासेमारीतला जुना माणूस, एरवी बायकोचं बोलणं टाळत नसे. पण जुने झुपके काढायचं म्हटल्यावर त्यानं हातातली सुई खाली ठेवली. तो जाळं विणत बसला होता.

"घरात लेक पोटुशी. आठवा लागून राह्यला. अन् तू आसराच्या ओटीत हात घालते?"

"ओटीत मीच पन्नी घातली ना."

"घालतानी त आपल्याले मालूम नव्हतं. काढतानी मालूम असून काढतो. त्यात फरक हाये का नाही?"

दाराआडून राखी ऐकत होती. ती बाहेर आली, भिंतीला टेकून हळूच खाली बसली. "बाबा, मले पोटातल्या पन्नीचंही भेव वाटते, अन् आसराचंही. तुमी दोघं भांडू नका. कोनतं भेव मोठं, ते मले कळत नाही."

इंद्रभाननं सुई पुन्हा हातात घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सोजराबाई भांडी घेऊन तलावावर गेली. सात दगडांसमोर पाणी कमरेएवढं होतं. तिनं दगडांना पाणी घातलं. मग लुगडं खोचून पाण्यात उतरली, पायानं चाचपत एक सुतळी शोधली, आणि झुपका वर काढला. देवीशी ती काय बोलली, ते तिनं नंतर एकट्या तानाबाईला सांगितलं: "मी म्हनलं, बाया हो, तुमी हिशेब करानच. पन माहा करा. लेकीचा नको."

मांडवात साठ-सत्तर माणसं. नारायणरावांनी तिची ओळख करून दिली. "ह्या आमच्या सोजराबाई. शाळेची पायरी चढल्या नाहीत. पन सिप्रनसाचं बाळातपन शिकाचं त ह्याइच्यापाशीच." टाळ्या झाल्या. शाल झाली, नारळ झाला.

सोजराबाईनं गुंडाळीतून जाळीचा तुकडा कापला, झिरमिळ्या केल्या, सुतळीनं आवळल्या. हात सवयीनं चालत होते. माणसं माना उंचावून पाहत होती. एक-दोघं मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. झुपका तयार झाला.

"हा नवा," ती म्हणाली. "आता जुना पाहा."

तिनं भांड्यांच्या टोपलीतून ओला झुपका काढला. त्याला अजून दगड बांधलेला होता. सावळखेडच्या माणसांनी तो दगड ओळखला. मांडवाच्या एका बाजूला एकदम कुजबुज उठली, एक बाई "अगं माय!" म्हणून तोंडाला पदर लावून बसली.

"सोजरे, ठेव तो," नारायणराव दबक्या आवाजात म्हणाले. "ठेव म्हनतो ना!"

तिनं शेजारची पांढरी परात पाण्यानं भरली आणि झुपका त्यात धरून तीनदा हलवला. फार जोरात नाही; लाट जेवढ्यानं हलवते तेवढाच. बाहेर काढला तेव्हा परातीतलं पाणी बारीक हिरव्या चुऱ्यानं भरलं होतं, चहात भुकटी तरंगावी तसं. तिनं परात पुढच्या माणसाच्या हातात दिली.

"हे माश्याच्या पोटात सापडलं. आमच्या तलावातल्या. मीच घातलं ते. तुमच्या तलावात घालू नका."

परात हातोहात मागं गेली. कोणी बोट घालून पाहिलं, कोणी वास घेतला. जळगाव जामोदकडचा एक म्हातारा पाण्याकडं बराच वेळ पाहत होता. त्यानं विचारलं, "मंग बाई, कायचा बांधाचा झुपका?"

"पानगवताचा. नाहीतर अंबाडीच्या सालीचा करून पाहा. सडन तो. सडू द्या."

"सडलं त अंडी बी सडतीन."

"थोडी सडतीन, बाबा."

मागून कोणी तरी म्हणालं, "मंग शिकाले कायले बलावलं आमाले? भजे खाले?" त्यावर हशा झाला. हशात माणसं उठली, जेवणाच्या पंक्तीकडं गेली. ट्रॅक्टरवरच्या गुंडाळ्यांपैकी निम्म्या संध्याकाळपर्यंत नाहीशा झाल्या. शिकायला आलेल्यांनीच त्या नेल्या. झुपक्यांसाठी की न्हाणीच्या आडोशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. नारायणराव तिच्याजवळून गेले तेव्हा थांबले नाहीत. शाल आणि नारळ खुर्चीवरच राहिले.

पुढच्या बाजाराला धाडमध्ये ते व्हिडिओ तिच्या आधी पोचले होते. दुपारपर्यंत गोणपाटासमोर कोणी बसलं नाही. शेजारच्या मासळीवाल्या मराठवाड्याच्या बाजूचा मासा विकत होत्या, आणि 'आमचा सावळखेडचा नाही' असं मोठ्यानं सांगत होत्या. उन्हं कलल्यावर गीताबाई आल्या. बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"सोजरे, त्या दिशी मी नेला, त्याच्यात बी व्हतं ते?"

"हाव, बाई."

"तुले दिसलं व्हतं?"

"दिसलं व्हतं."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं? एकादशी म्हनून हसवलं मले."

सोजराबाईनं वर पाहिलं नाही. साठ-सत्तर माणसांसमोर बोलायला तिला एवढं जड गेलं नव्हतं. गीताबाई मेथीच्या जुड्यांकडं निघून गेल्या. सोजराबाईनं तसाच मासा टोपलीत भरला आणि जीप पकडली.

दुसऱ्या दिवशी ती झुपके काढायला गेली. संस्थेतलं कोणी येणार नव्हतं, हे ठरलेलंच. तानाबाई आली, रविवार होता म्हणून धम्मशीलाही. पहिलाच झुपका ओढला आणि तो हातात आलाच नाही. सुतळी आली, दगड आला, आणि जाळी मात्र बोटांतून हिरव्या धुरासारखी पाण्यात पसरली. सोजराबाई जागच्या जागी थांबली. काढायला गेलं तर आणखीच मिसळत होतं.

"हालू नको, मावशी," धम्मशीला म्हणाली. "गाळ बसू दे आधी. बारीक कापड पाह्यजे खालून."

बारीक कापड घरात एकच होतं. हापा. सोजराबाई घरी गेली आणि वळचणीतून तो काढून आणला. पिल्लांचा पाळणा झुपक्याखालून सरकवायचा, चारी कोपरे वर घ्यायचे, मग सुतळी कापायची. चार कोपरे आणि बाया तीन. चौथा कोपरा सारखा पाण्यात बुडत होता आणि तेवढ्या वाटेनं हिरवा चुरा निसटत होता. अशानं दोन झुपके निघाले.

तिसऱ्याच्या वेळी चौथा कोपरा उचलला गेला. इंद्रभान धोतर खोचून पाण्यात उभा होता. सात दगडांकडं पाठ करून तो बोलला, "राखीनं धाडलं. म्हनली, आई एकटीच दोन्ही भेव घेऊन उभी हाये."

"अन् तुमी?"

"माही पाठ दुखते. लवकर आटप."

दुपारपर्यंत सात झुपके निघाले. अजून किती असतील, त्याचा अंदाज कोणालाच नव्हता. आठव्याखाली हापा सरकवताना सोजराबाईचा हात थांबला. झुपका मागच्याच वर्षीचा होता, अजून बऱ्यापैकी धड. त्याच्या झिरमिळ्यांना खसखस चिकटली होती. ताजी, पिवळी, पारदर्शक. माघ महिना. मासोळीला झुपका ओळखीचा होता, ती येऊन गेली होती.

चौघंही त्या झुपक्याकडं पाहत राहिले.

"काढला त मरतीन," इंद्रभान म्हणाला.

"ठेवला त पुन्हा येतीन याच्यावरच," तानाबाई म्हणाली.

सोजराबाईनं हापा काढला नाही आणि झुपकाही काढला नाही. तिथंच चार काठ्या रोवायला सांगितल्या आणि हापा झुपक्यासकट टांगला. चार दिवसांत पिल्लं निघतील. मग झुपका बाहेर. तोवर कापडातून चुरा फारसा बाहेर जाणार नाही. जेवढा जाईल तेवढा.

चार दिवस ती दिवसभर काठावर बसून राहिली. गावातली माणसं सांडव्यावरून जाताना दुसरीकडं पाहत जात. चौथ्या सकाळी ऊन वर आल्यावर तिनं हाप्यात वाकून पाहिलं. पिल्लं निघाली होती. सिप्रनसाचं नवं पिल्लू पापणीच्या केसाएवढं असतं, काचेसारखं. पहिले दोन दिवस ते पोहत नाही, जे सापडेल त्याला चिकटून लोंबत राहतं. ती सगळी जाळीच्या धाग्यांना लोंबत होती. सुटे धागे त्यांच्यामध्ये तरंगत होते. ऊन पाण्यावर हलत होतं, आणि दहा पावलांवरून धागा ओळखणाऱ्या सोजराबाईला हातभर अंतरावरून पिल्लू कोणतं आणि धागा कोणता, ते कळेना.

तिनं डोळे पुसले. पाणी स्थिर होईपर्यंत थांबली. जे आपणहून वळवळलं ते पिल्लू. जे वळवळलं नाही, ते आणखी थोडा वेळ पाहायचं.

मग तिनं कनवटीचा पितळी चिमटा काढला, पांढरी बशी जवळ ओढली, आणि पहिला धागा उचलला.